कॉस्टिक सोडा : त्याचे गुण आणि आपली खबरदारी

श्रोतेहो, आपल्या घरांतून 'सोडा' ह्या एकाच नावाने तीन निरनिराळे पदार्थ वावरत असतात. भजी हलकी व्हावी म्हणून पिठात चिमूटभर घालतात तो खाण्याचा सोडा. मळकट कपडे उकळताना टाकतात तो धुण्याचा सोडा. आणि तिसरा, मोरीची तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी किंवा घरी साबण करून पाहण्याच्या हौसेने आणलेला कॉस्टिक सोडा. पहिला आपण पोटात घेतो. दुसरा हातास थोडा झोंबतो. तिसरा डोळ्यात उडाला तर डोळा जाण्याची भीती असते. तिघेही पांढरे, तिघेही एकाच वाण्याच्या दुकानात मिळणारे, आणि कागदाच्या पुडीत बांधून फळीवर ठेविले तर कोणता कोण हे सांगणे शहाण्यासही कठीण. म्हणून ह्या तिसऱ्या सोड्याची ओळख करून देण्याचे मी आज योजिले आहे. माझे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. मी रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु ह्या पदार्थाने मला एकदा चांगलाच धडा शिकविला आहे, आणि तो धडा इतरांस फुकट मिळावा एवढाच माझा हेतू आहे.

'कॉस्टिक' ह्या शब्दाचा अर्थच दाहक, म्हणजे जाळणारा. शास्त्रज्ञ ह्यास सोडियम हायड्रॉक्साइड म्हणतात. जाळणाऱ्या क्षारांची ओळख आपल्या देशास नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळावयाची, ते पाणी आटवावयाचे, त्यात भाजलेल्या शिंपा व चुनखडी घालावयाची, आणि सिद्ध झालेला क्षार लोखंडाच्या पात्रात तोंड बंद करून ठेवावयाचा, असा विधी तेथे दिला आहे. नुसत्या राखेचा क्षार सौम्य असतो. चुन्याच्या योगाने तो तीक्ष्ण होतो. युरोपातही पुढे पुष्कळ काळ कॉस्टिक सोडा ह्याच तत्त्वाने करीत, धुण्याच्या सोड्याचे द्रावण चुन्याबरोबर उकळून. आणि लोखंडाचे पात्र व बंद तोंड ह्या दोन सूचना आजही जशाच्या तशा खऱ्या आहेत. त्यांचे कारण पुढे येईलच.

हल्ली मात्र हा पदार्थ मिठापासून आणि विजेपासून होतो. मिठाच्या शुद्ध, संपृक्त पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे एका टोकाशी क्लोरिन वायू निघतो, दुसऱ्या टोकाशी हायड्रोजन निघतो, आणि त्या दुसऱ्या बाजूच्या पाण्यात कॉस्टिक सोडा उरतो. एक टन कॉस्टिक सोडा तयार होताना सुमारे ८८० किलो क्लोरिन आपोआप तयार होतो. म्हणजे नळाचे पाणी जंतुरहित करणारा क्लोरिन आणि साबण करणारा सोडा ही एकाच मिठाची जुळी अपत्ये होत. ही जुळी भावंडे पुन्हा एकमेकांत मिसळू न देणे हेच ह्या धंद्यातील मुख्य कसब. पूर्वी त्यासाठी पाऱ्याचा उपयोग करीत. परंतु पारा सांडपाण्यातून बाहेर जाऊन माणसांस व माशांस विषबाधा करतो असे दिसून आल्यावर ती पद्धत मागे पडली, आणि आता आपल्या देशात बहुतेक सर्व कॉस्टिक सोडा एका विशेष पातळ पडद्याच्या साहाय्याने करतात. कारखान्यांस तो टँकरमधून निम्मे पाणी व निम्मा सोडा अशा दाट द्रावणाच्या रूपात जातो. किरकोळ बाजारात तो पांढऱ्या पापुद्र्यांच्या किंवा गोळ्यांच्या रूपात येतो. टँकरवाले आणि कारखान्यांतील लोक त्या द्रावणास 'लाय' म्हणतात.

आता ह्या पदार्थाचा मुख्य गुण पाहू. तो एका वाक्यात सांगता येतो : कॉस्टिक सोडा स्निग्ध पदार्थांचा साबण करतो, आणि प्राण्यांच्या शरीरातील प्रथिने विरघळवितो. त्याचे पुष्कळसे उपयोग आणि त्याचे सारे अपाय ह्या एका वाक्यात सामावलेले आहेत.

तेलावर त्याची क्रिया झाली म्हणजे तेलाचे दोन भाग होतात. एक साबण आणि दुसरे ग्लिसरिन. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर एक किलो शेंगदाण्याच्या तेलास सुमारे १३५ ग्रॅम पुरतो. प्रत्येक तेलाचे प्रमाण असे निराळे असते. यास्तव साबण करणाऱ्याने तराजू वापरला पाहिजे. मुठीच्या आणि वाटीच्या मापाचे हे काम नव्हे. सोडा थोडा कमी पडला तर साबण मऊ व तेलकट होतो, एवढेच. तो जास्त पडला तर उरलेला सोडा वडीत तसाच राहतो आणि अंग धुणाऱ्याची कातडी सोलतो. घरी थंड पद्धतीने केलेली वडी चार आठवडे वाळू द्यावयाची असते, हेही पुष्कळ हौशी लोक विसरतात.

साबणाच्या पलीकडे ह्याचे क्षेत्र किती विस्तृत आहे, हे पाहण्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. आपला जिल्हा, म्हणजे जुने अहमदनगर आणि २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा साखरेचा जिल्हा. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच उभा राहिला होता. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरा सहकारी साखर कारखाना निघाला व १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. साखर उसाची, तेथे कॉस्टिक सोड्याचे काय काम, असे आपणांस वाटेल. उसाचा रस चुन्याने व गंधकाच्या धुराने निवळवितात आणि मग मोठमोठ्या बंद पात्रांत वाफेच्या उष्णतेने आटवितात. ह्या पात्रांत शेकडो नळ्या उभ्या बसविलेल्या असतात. रसातील चुना, वाळूचा अंश व इतर क्षार त्या नळ्यांच्या आतील अंगास हळूहळू चिकटतात. आपल्या आंघोळीच्या बंबात जसा पांढरा थर जमतो, तसाच हा प्रकार. थर वाढला म्हणजे वाफेची उष्णता रसास पोचत नाही, बगॅस जास्त जळतो आणि गाळप मंदावते. अशा वेळी पात्रांत कॉस्टिक सोड्याचे पाणी भरून ते कित्येक तास उकळतात. थर सैल झाला की नळ्या ब्रशाने घासून साफ करतात. हंगामात हे काम पुनःपुन्हा करावे लागते. आपल्या चहातील साखरेच्या मागे असे कित्येक मजूर त्या दाहक पाण्याशी झुंजलेले असतात.

दुधाच्या धंद्यातही तेच. डेअरीच्या नळ्या व टाक्या उघडून हाताने घासणे शक्य नसते. म्हणून त्यांतून प्रथम पाणी, नंतर शेकडा एक-दोन प्रमाणाचे कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण, पुन्हा पाणी, मग सौम्य आम्ल व शेवटी स्वच्छ पाणी असे खेळवितात. सोडा लोणी व प्रथिने काढतो, आम्ल क्षारांचा थर काढते. हा झाला सदुपयोग. परंतु आंबू लागलेल्या दुधाचा आंबटपणा मारण्यासाठी हाच सोडा दुधात घालणारे अधम लोकही असतात. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे. प्रयोगशाळेत रोझॉलिक आम्लाने अशा दुधास गुलाबी लाल रंग येतो, आणि चोरी उघडकीस येते.

कापडाच्या धंद्यात जॉन मर्सर नावाच्या एका इंग्रज कापड छापणाऱ्यास १८४४ च्या सुमारास असे आढळले की, सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या दाट द्रावणात बुडविले असता तंतू फुगतात, बळकट होतात आणि रंग अधिक चांगला धरतात. १८५० साली त्याने त्याचे पेटंट घेतले. पुढे असे कळून आले की, ही क्रिया होत असता सूत ताणून धरले तर त्यास रेशमासारखी चमक येते. 'मर्सराइज्ड' सुताचे लुगडे आपल्या आजीबाईंनी हौसेने नेसले असेल. त्याची झळाळी ह्याच दाहक पाण्यातून आलेली होती. कागदाच्या गिरणीत बांबूतील व लाकडातील चिकट द्रव्य काढून धागे मोकळे करावयाचे असोत, किंवा बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटच्या मातीतून ॲल्युमिना वेगळा काढावयाचा असो, तेथेही हाच कामास येतो.

असा हा उपयोगी पदार्थ. आता त्याची दुसरी बाजू ऐकावी.

मघाशी सांगितले की तो स्निग्ध पदार्थांचा साबण करतो. श्रोतेहो, आपल्या कातडीतही स्निग्ध पदार्थ आहेत, आणि डोळ्याच्या नाजूक पडद्यात प्रथिने आहेत. कॉस्टिक सोड्यास तेल कोणते आणि माणूस कोणता हे कळत नाही. त्याचे पाणी बोटास लागले असता बोट बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच कातडीचा साबण होऊ लागल्याची खूण होय. आम्ल अंगावर पडले तर मनुष्य तत्काळ ओरडतो. शिवाय आम्लाने मांसातील प्रथिने नासलेल्या दुधाप्रमाणे गोठतात, आणि तो गोठलेला थर आम्लास पुढे जाण्यास काहीसा अडथळा करतो. कॉस्टिक सोड्याचे तसे नाही. तो वाट मऊ करीत करीत आत शिरतो. सौम्य द्रावण असल्यास प्रारंभी वेदनाही फारशी होत नाही, आणि मनुष्य 'काही नाही' म्हणून हात धोतरास पुसून मोकळा होतो. वेदना सुरू होते तेव्हा पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. हाच ह्या पदार्थाचा खरा घातकपणा.

आता माझा धडा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका लहान गावच्या शाळेत मी शिक्षक होतो. कार्यानुभवाच्या तासास मुलांना साबण करून दाखवावा असे मनात आले. पुस्तकातील कृती मी तोंडपाठ केली होती, परंतु भांडे कोणते घ्यावे हे मी पाहिले नव्हते. स्वयंपाकासाठी आणलेले ॲल्युमिनियमचे पातेले समोर होते, तेच घेतले. त्यात आधी सोडा ओतला, आणि वरून पाणी. मी दोन चुका एकदम केल्या. पातेल्यात क्षणात खळबळ उडाली, फेस वर आला, कढत वाफा निघाल्या. आणि पुढच्या रांगेत वाकून पाहणाऱ्या एका मुलाच्या डोळ्यात थेंब उडाला.

मी काय केले असेल? सातवीच्या विज्ञानात आम्ही शिकवितो की आम्ल आणि अल्कली एकमेकांचा गुण मारतात. मी लिंबू आणावयास धावलो! शाळेचे शिपाईमामा दाराशी उभे होते. ते तरुणपणी काही हंगाम साखर कारखान्यात सफाईस जात असत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मुलास उचलून थेट हौदावर नेले, एका हाताने त्याच्या पापण्या फाकून धरल्या आणि दुसऱ्या हाताने तांब्यामागून तांब्या पाणी सोडीत राहिले. मी लिंबू कापून घेऊन गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, लिंबू ऱ्हाऊ द्या. पानी कमी पडू देऊ नका." तालुक्याची गाडी येईपर्यंत अर्धा तास ते पाणी चालू होते. मुलगा रडत होता, हात झाडीत होता. मामांनी त्यास सोडले नाही. दवाखान्यातील डॉक्टरांनी डोळा तपासून सांगितले की, ताबडतोब धुतला म्हणून डोळा वाचला. मुलाची दृष्टी राहिली. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. मला सूत्र पाठ होते. मामांना काम ठाऊक होते.

ह्या प्रसंगानंतर मी प्रत्येक नियमाचे कारण शोधून काढले. कारण कळले म्हणजे नियम विसरत नाही. म्हणून कारणांसह सांगतो.

पहिला नियम : पाण्यात सोडा घालावा, सोड्यात पाणी घालू नये. कॉस्टिक सोडा विरघळताना फार उष्णता निघते. एक किलो सोडा पाच लिटर पाण्यात विरघळविला तर पाणी चाळीस-पंचेचाळीस अंशांनी तापते. सोड्यावर थोडे पाणी पडले तर ती सारी उष्णता त्या थोड्या पाण्यास मिळून ते उकळते व उसळते. भरपूर थंड पाणी आधी घेऊन त्यात सोडा थोडा थोडा, ढवळीत टाकला म्हणजे हा धोका टळतो. गरम पाणी कधीही घेऊ नये.

दुसरा नियम भांड्याचा. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेली बादली व कल्हईचे भांडे वर्ज्य. ह्या धातूंस सोडा खातो आणि हायड्रोजन वायू निघतो. जवळ दिवा असेल तर तो पेटतो. लोखंड, स्टेनलेस स्टील किंवा जाड प्लास्टिक चालते. सुश्रुताचे लोखंडी पात्र येथे आठवावे. काचेच्या बाटलीस काचेचे बूच लावू नये. ते चिकटून बसते आणि झटापटीत बाटली फुटते.

तिसरा नियम तोंड बंद ठेवण्याचा. उघडा राहिलेला सोडा हवेतील ओल शोषून पाझरतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडने त्याच्यावर धुण्याच्या सोड्याची साय धरते. तो निकामीही होतो आणि सांडून धोकाही होतो. डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि तो कुलुपात, मुलांच्या हातास न लागेल असा ठेवावा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तो कधीही भरू नये. तहानलेले पोर चिठ्ठी वाचत नाही.

चौथा नियम अंगरक्षणाचा. रबरी हातमोजे, पुऱ्या बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांभोवती सर्व बाजूंनी बसणारा चष्मा. वाचावयाचा चष्मा ह्या कामी पुरत नाही. कारखान्यात रबरी बूट घालताना विजारीचे पाय बुटाच्या बाहेर ठेवावेत, आत खोचू नयेत. नाहीतर ओघळणारा थेंब सरळ बुटात साठतो. आणि काम सुरू करण्यापूर्वी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी. ज्याच्यापाशी पाणी नाही त्याने ह्या कामास हात घालू नये.

पाचवा नियम मोरीसाठी. कॉस्टिक सोडा टाकलेल्या नळीत शौचकूप साफ करण्याचे आम्ल ओतू नये, आणि आम्ल टाकले असेल तर सोडा टाकू नये. दोन्ही एकत्र आले की पाणी उसळून तोंडावर येते. मोरीवर वाकून पाहण्याची सवय सोडावी.

इतके करूनही अपघात झालाच, तर काय करावे? कोरडे कण अंगावर पडले असतील तर ते प्रथम झटकावे, भिजलेले कपडे लगेच उतरवावेत, आणि त्या जागेवर वाहते पाणी निदान अर्धा तास सोडावे. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवावे आणि मगच, किंवा शक्य तर वाटेतही धूत धूत, डॉक्टरांकडे न्यावे. लिंबू, व्हिनेगर, तूप, हळद, काही लावू नये. लिंबू व सोडा एकत्र आल्याने आणखी उष्णता निघते, आणि लिंबू शोधण्यात जी दोन मिनिटे जातात ती डोळ्यास महाग पडतात. सोडा पोटात गेला असेल तर उलटी मुळीच करवू नये. खाली जाताना ज्या अन्ननळीस भाजले तिलाच वर येताना पुन्हा भाजते. चूळ भरवावी, बळेच काही पाजू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून तत्काळ रुग्णालय गाठावे. मुलाने काय घेतले ते कळावे म्हणून डबाही बरोबर न्यावा.

श्रोतेहो, ह्या पदार्थास भिऊन घराबाहेर घालवा असे मी म्हणत नाही. ज्या गुणाने तो आपला साबण करतो, आपली साखर व आपले कापड घडवितो, त्याच गुणाने तो अपाय करतो. त्याचा गुण बदलणे आपल्या हाती नाही. आपली रीत बदलणे आहे. आज रात्री निजण्यापूर्वी स्वयंपाकघरातील, मोरीवरील आणि न्हाणीघरातील फळ्यांवर एकदा नजर टाकावी. बिननावाची एखादी पांढरी पुडी किंवा बाटली आढळली तर ती तशीच उद्यावर ठेवू नये. एक चिठ्ठी चिकटविण्यास दोन मिनिटे लागतात. आणि घरातील सर्वांस, नोकरमाणसांससुद्धा, शिपाईमामांचे ते एकच वाक्य सांगून ठेवावे : लिंबू राहू द्या, पाणी कमी पडू देऊ नका.